कोहामध्ये मराठी शोध कसा सुरू झाला

सोलापुरात नवी पेठेजवळच्या आमच्या छोट्या वाचनालयाची जाडजूड दाखल नोंदवही मी गेल्या पावसाळ्यात कोहा या ग्रंथालयाचे कामकाज चालवणाऱ्या मुक्तस्रोत संगणक प्रणालीत चढवली. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये तयार होऊ लागलेली ही प्रणाली परवाना शुल्काविना मिळते, हे आमच्या तिजोरीला मानवणारे होते. दाखल क्रमांकाने नोंदी उघडत. मात्र शोधचौकटीत ‘हातमाग’ लिहिले की एकही पुस्तक सापडत नसे, आणि ते पुस्तक तर माझ्या टेबलावरच पडलेले असे.

प्रथम मी टंकलेखनाला दोष दिला आणि जुन्या फाँटमधून युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या एकसमान अक्षरपद्धतीत आणलेल्या नोंदी पुन्हा तपासण्यात दोन रविवार घालवले. ते व्यर्थ गेले. खरी अडचण झेब्रा या शोधसूची बनवणाऱ्या यंत्रणेत होती: स्थापना करताना मी तिची मूळ अक्षरतालिका तशीच ठेवली होती, आणि ती देवनागरीसाठी बनवलेली नव्हती. झेब्राच्या सेटिंगच्या फाइलीत ती तालिका काढून युनिकोड जाणणारी आयसीयू पद्धत लावली, सेवा पुन्हा सुरू केली आणि संपूर्ण सूची नव्याने बांधण्याची आज्ञा दिली. ही शेवटची पायरी गाळली तर जुन्या नोंदींना बदल लागूच होत नाही.

‘हातमाग’ लिहिताच तीन पुस्तके आली, आणि त्यांतले एक मार्चपासून परत आलेले नाही, हेही पडद्यावर दिसले.