ब्राउझरमध्ये ऑडिओचा ग्राफ काढताय? या चुका टाळा

आमच्या घरचा तानपुरा काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी) लावलेला. मोबाईलवर रेकॉर्ड करून फाईल ब्राउझरमध्ये टाकली तर माझा ग्राफ सा दाखवतोय १२७ हर्ट्झला! काळी एक म्हणजे १३८.६, हा तर पांढरी एकच्याही खाली. दोन रात्री मी खुंट्या पिळत बसलो आणि मग कळलं की तानपुरा अगदी सुरात होता, गडबड कोडमध्ये होती.

झालं असं की फाईल ४४,१०० सॅम्पल रेटची (म्हणजे सेकंदाला आवाजाच्या तितक्या मोजण्या) आणि लॅपटॉपचा ऑडिओ चालतो ४८,००० वर. फाईल उलगडणारं डिकोड-ऑडिओ-डेटा हे फंक्शन वापरलं की ब्राउझर न सांगता फाईल ऑडिओ-कॉन्टेक्स्टच्या (ब्राउझरमधली आवाजाची यंत्रणा) रेटवर आणून ठेवतो, आणि मी हिशोबात ४४,१०० हाताने लिहिलेलं, मग सगळे सूर ८ टक्के खाली सरकले आणि ३ मिनिटांची फाईल ३ मिनिटं १६ सेकंदांची दिसायला लागली. रेट कायम बफरलाच (डिकोड झालेल्या आवाजाला) विचारा, स्वतः लिहू नका. आता मी नवीन कोड लिहिला की आधी ४४० हर्ट्झचा साधा सूर तयार करून त्यातून पाठवतो, शिखर ४४० च्या आसपास आलं तरच खरी फाईल उघडतो.

दुसरी चूक एफएफटी साईजची (एफएफटी म्हणजे आवाजातले सूर वेगळे करणारं गणित, साईज म्हणजे त्यात एका वेळी घेतलेली सॅम्पल्स), आणि ही तर जवळपास सगळेच करतात. अ‍ॅनालायझर नोडची (ग्राफचा डेटा देणारा भाग) डिफॉल्ट साईज २०४८ असते, म्हणजे ४४,१०० ला ग्राफचा एकेक खाना साधारण २१.५ हर्ट्झ रुंद. पांढरी एक १३०.८ आणि काळी एक १३८.६, दोन्ही एकाच खान्यात पडतात! खर्जाच्या भागात असा ग्राफ बघून सूर ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. साईज ३२,७६८ करा, खाना १.३ हर्ट्झवर येतो, पण मग एका मोजणीत पाऊण सेकंदाचा आवाज जातो, तानपुऱ्याला चालतं, द्रुत तानेचा मात्र नुसता चिखल होतो. त्यामुळे दोन वेगळे ग्राफ काढा, एकावर दोन्ही कामं होत नाहीत.

स्मूदिंग, म्हणजे आधीच्या मोजण्यांशी सरासरी, डिफॉल्ट ०.८ असतं, बघायला छान वाटतं पण तबल्याचा ठोका त्यात पसरून जातो. मोजमाप करायचंय तर ० करा. आणि बाईटवाला (० ते २५५ आकड्यांचा) डेटा घेताना उणे ३० डेसिबलच्या वरचं सगळं २५५ लाच अडकतं, शिखरं वरून कापल्यासारखी दिसली की लोक रेकॉर्डिंग फाटलं म्हणतात, खरं तर फ्लोटवाला (थेट डेसिबलचे आकडे देणारा) डेटा घेतला की ती नीट दिसतात.

तासाभराची मैफल एकदम डिकोड करू नका हो. १२८ केबीपीएसची एमपी३ जेमतेम ५८ एमबीची असते, पण डिकोड झाल्यावर स्टिरिओमध्ये सव्वा जीबीच्या वर जाते आणि मोबाईलचा टॅब बसतो. तुकडे करून घ्या.

बाकी, ग्राफ सपाट रेष दाखवत असेल तर आधी कॉन्टेक्स्ट सस्पेंडेड (थांबवलेला) आहे का बघा, क्लिक झाल्यावर रिझ्यूम करायला लागतं. तरी सपाटच असेल आणि ऑडिओ टॅगची फाईल दुसऱ्या सर्व्हरवरून येत असेल तर तो कॉर्सचा (दुसऱ्या सर्व्हरची फाईल वापरायच्या परवानगीचा) प्रॉब्लेम, ब्राउझर मुद्दाम शून्य पाठवतो, सर्व्हरवर परवानगी द्या नाहीतर फाईल सरळ इनपुटमधून निवडा.