ड्राफ्ट झालेला खेळाडू कॉलेज हॉकीत खरोखर पुढे सरकतो आहे का, हे कसे ओळखावे

एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आईस हॉकी लीगचा, एखादा संघ मनापासून पाहणाऱ्याला दर हिवाळ्यात एक प्रश्न पडतो. आपल्या संघाने ड्राफ्टच्या, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, तिसऱ्या फेरीत निवडलेला मुलगा आता कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याच्या नावापुढे पस्तीस सामन्यांत तीस गुण दिसत आहेत, तर हे चांगले समजावे की बेताचे? गुण म्हणजे गोल आणि असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला हातभार लावणारे पास) यांची बेरीज. यावर हमखास मिळणारा सल्ला असा, की प्रत्येक कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेज संघांच्या गटाचा, एक गुणक ठरलेला आहे, त्याने गुणावे आणि उत्तर घ्यावे. या सल्ल्याचा मला आता वीट आला आहे. ज्या खेळाडूंना पुढे एनएचएलमध्ये संधी मिळाली, त्यांचे गुण तेथे किती घटले यावरून हा गुणक काढतात. ज्यांना संधीच मिळाली नाही ते या हिशेबात नसतात, आणि आपल्याला शंका असते ती नेमकी अशाच मुलांबद्दल.

सामन्यांचे वेळापत्रक, प्रत्येक सामन्याचा गुणफलक आणि एक कोरी तक्ता-वही एवढे साहित्य पुरे.

सर्वप्रथम खेळाडूची जन्मतारीख लिहावी. कॉलेजातले पहिले वर्ष म्हणजे अठरावे वर्ष असे नसते, कारण पुष्कळ मुले शाळा संपल्यावर एक-दोन वर्षे ज्युनिअर लीगमध्ये काढून विसाव्या-एकविसाव्या वर्षी कॉलेजात येतात. अठराव्या वर्षी चोवीस वर्षांच्या बचावपटूंना अंगावर घेत अर्धा गुण दर सामन्याला मिळवणारा मुलगा आणि एकविसाव्या वर्षी तेवढेच मिळवणारा मुलगा यांना एका रांगेत बसवू नये. ड्राफ्टसाठी वयाची सीमारेषा 15 सप्टेंबर असल्याने एकाच ड्राफ्टमधील दोन मुलांच्या वयात जवळजवळ वर्षाचे अंतर पडू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

मग एकूण गुण बाजूला सारून दर सामन्याचे गुण काढावेत. हार्वर्ड, येल, कॉर्नेल यांसारख्या आयव्ही लीगच्या संघांचा हंगाम इतरांपेक्षा उशिरा सुरू होतो आणि त्यांचे सामनेही कमी होतात. त्यामुळे एकूण आकड्यांत त्यांचे खेळाडू नेहमी मागे दिसतात.

प्रतिस्पर्ध्यांची गाळणी

आता मला सर्वांत जास्त काळ छळलेला टप्पा. कॉलेज हॉकीच्या पहिल्या श्रेणीत साठहून अधिक संघ आणि सहा कॉन्फरन्स आहेत: हॉकी ईस्ट, बिग टेन, एनसीएचसी, ईसीएसी, सीसीएचए आणि अटलांटिक हॉकी अमेरिका. यांपैकी पहिल्या तीन बलाढ्य आणि बाकीच्या दुबळ्या असे सरसकट बोलले जाते. सरासरी म्हणून ते पुष्कळदा खरेही असते. परंतु खेळाडू सरासरीविरुद्ध खेळत नाही, तो शुक्रवारी आणि शनिवारी समोर आलेल्या एका विशिष्ट संघाविरुद्ध खेळतो. 2023 चे राष्ट्रीय विजेतेपद क्विनिपियाक या ईसीएसीच्या संघाने बिग टेनच्या मिनेसोटाला जादा वेळेत 3-2 असे हरवून मिळवले. 2019 मध्ये स्पर्धेतील अव्वल मानांकित सेंट क्लाउड स्टेटला पहिल्याच सामन्यात अटलांटिक हॉकीच्या अमेरिकन इंटरनॅशनल कॉलेजने घरी पाठवले. क्विनिपियाकविरुद्धचा गोल आणि ईसीएसीच्या तळाच्या संघाविरुद्धचा गोल या दोन्हींना एकच गुणक लावणारा मनुष्य हिशेब करत नाही, केवळ गुणाकार करतो.

यात आणखी एक मेख आहे. कॉन्फरन्सचे परस्परांतील बळ ठरते ते कॉन्फरन्सबाहेरील सामन्यांवरून, आणि हे सामने बहुतांशी ऑक्टोबरपासून नववर्षाच्या आसपासपर्यंत उरकतात. त्यानंतर मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत बहुतेक संघ आपापल्या कॉन्फरन्समध्येच खेळत राहतात. म्हणजे नवख्या खेळाडूंचे पाय अजून स्थिरावलेले नसताना झालेल्या थोड्या सामन्यांवर फेब्रुवारीतल्या गुणांची किंमत ठरवली जाते.

म्हणून कॉन्फरन्सचे नाव खोडून प्रतिस्पर्ध्याचे नाव लिहावे. प्रत्येक सामन्यापुढे त्या संघाचा क्रॅच क्रमांक मांडावा. क्रॅच ही कॉलेज हॉकीतील जुनी मानांकन पद्धत असून तिच्यात दोन संघांच्या आकड्यांचे गुणोत्तर थेट जिंकण्याची शक्यता सांगते: एकाचा आकडा 300 आणि दुसऱ्याचा 100 असेल, तर पहिला संघ चारपैकी तीन सामने जिंकेल अशी अपेक्षा धरतात. हा क्रमांक हंगामाच्या शेवटचा घ्यावा. सामना झाला त्या दिवशीचा घेऊ नये, कारण ऑक्टोबरमधील मानांकन चार-पाच सामन्यांच्या पायावर उभे असते. राष्ट्रीय स्पर्धेत सोळा संघ जातात, म्हणून पहिले सोळा संघ हा एक कप्पा, शेवटचे वीस हा दुसरा आणि मधले सर्व तिसरा, अशी विभागणी मला सोयीची पडते.

प्रत्येक कप्प्यात तीनच गोष्टी मोजाव्यात: दोन्ही संघ पूर्ण संख्येने खेळत असतानाचे गोल, तशाच वेळचे पहिले असिस्ट (गोलच्या लगेच आधीचा पास) आणि गोलच्या दिशेने गेलेले फटके. पॉवर प्लेवरचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे, गुण वेगळ्या रकान्यात टाकावेत आणि प्रतिस्पर्ध्याने गोलरक्षक काढून घेतल्यावर रिकाम्या जाळीत मारलेले गोल सरळ वगळावेत. वरच्या कप्प्यात बहुधा दहा-बारा सामनेच येतात आणि तेवढ्यात एका गोलरक्षकाचे दोन चांगले दिवससुद्धा सारे चित्र पालटू शकतात. त्यामुळे मी गोलांपेक्षा फटक्यांवर अधिक विसंबतो. तळाच्या संघांविरुद्ध दर सामन्याला चार फटके मारणारा खेळाडू बलाढ्य संघांविरुद्ध साडेतीन मारत असेल, तर गोल आटले असले तरी काळजी नको. तेथे तो दीडवर आला असेल, तर त्याचे तीस गुण कोठून आले हे आपसूक कळते.

शुक्रवार-शनिवारची जोडी बहुधा एकाच संघाविरुद्ध असते. तिला दोन स्वतंत्र पुरावे मानू नये. तसेच बलाढ्य संघातील खेळाडूला स्वतःच्याच संघाच्या बचावफळीविरुद्ध कधी खेळावे लागत नाही. त्यामुळे कॉन्फरन्समधील सर्वोत्तम संघाच्या आघाडीपटूसमोरील वेळापत्रक त्याच कॉन्फरन्सच्या सरासरी खेळाडूपेक्षा थोडे सोपेच असते. गुणकांचे तक्ते मिरवणाऱ्यांपैकी कोणी हे लक्षात घेतल्याचे मला दिसलेले नाही.

सोबती कोण होते

बॉस्टन कॉलेजचे उदाहरण यासाठी अगदी चोख आहे. 2023-24 मध्ये विल स्मिथ, रायन लेनर्ड आणि गेब पेरो हे तिघे, 2023 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत निवडले गेलेले, पहिल्या वर्षाचे विद्यार्थी म्हणून एकाच लाइनवर, म्हणजे एकत्र बर्फावर उतरणाऱ्या आघाडीपटूंच्या तिकडीत, खेळले. स्मिथने 41 सामन्यांत 71 गुण मिळवले, लेनर्डने 41 सामन्यांत 60 आणि पेरोने 36 सामन्यांत 60. त्यानंतर स्मिथ एनएचएलच्या सॅन होजे संघाकडे गेला आणि पुढच्या हंगामात लेनर्डच्या नावावर 37 सामन्यांत 49 गुण लागले. एवढेच वाचणाऱ्याने ‘घसरला’ असा शेरा मारला असता. प्रत्यक्षात लेनर्डचे गोल 31 वरून 30 झाले आणि तेही चार सामने कमी खेळून. घटले ते असिस्ट, 29 वरून 19. पास घेऊन गोल करणारा सोबती निघून गेला की असिस्ट आधी आटतात, हे समजून घेतले म्हणजे हा हंगाम पीछेहाटीचा नव्हता हे स्पष्ट होते.

ॲडम फॉक्सच्या हार्वर्डमधील तीन हंगामांतही हेच दिसते. पहिल्या वर्षी 35 सामन्यांत 40 गुण, दुसऱ्या वर्षी 29 सामन्यांत 28 आणि तिसऱ्या वर्षी 33 सामन्यांत 48. मधल्या वर्षी ज्येष्ठ खेळाडूंची एक चांगली तुकडी पदवी घेऊन गेलेली होती. केवळ त्या वर्षावरून, शिवाय ‘ईसीएसीच तर आहे’ असे म्हणून त्याला खाली ढकलणाऱ्यांना 2021 मध्ये एनएचएलच्या सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याच्या हाती पाहावा लागला.

केल मकारचा आलेख याच्या उलट सरळ आहे: मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात पहिल्या वर्षी 34 सामन्यांत 21 गुण, दुसऱ्या वर्षी 41 सामन्यांत 49, संघ तोच, कॉन्फरन्स तीच. असे स्वच्छ प्रकरण हाती लागले, तर एवढी गाळणी चालवण्याची गरज नाही.

बचावपटूंसाठी गुणांचा हा सारा खटाटोप अर्ध्यावर सोडून द्यावा आणि शेवटच्या पाच मिनिटांत, संघ एका गोलने पुढे असताना, प्रशिक्षक कोणाला बर्फावर पाठवतो ते पाहावे. मिनेसोटाचा ब्रॉक फेबर गुणांच्या यादीत कधी वर नव्हता, तरी 2023-24 मध्ये एनएचएलच्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात तो दुसरा आला. हे पाहण्यासाठी सामना पाहणे भाग आहे. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो, त्यामुळे शनिवार-रविवारची झोप मोडेल. गोलरक्षकांबद्दल तीन हंगाम होईपर्यंत मत बनवूच नये.

सर्वांत शेवटी वर्षा-वर्षांची तुलना करावी आणि येथे सध्या विशेष सावध राहावे. नोव्हेंबर 2024 मध्ये एनसीएए या अमेरिकेतील कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने कॅनडाच्या मेजर ज्युनिअर, म्हणजे सर्वोच्च कुमार स्तरावरील, लीगमधील खेळाडूंना कॉलेज हॉकीची दारे उघडली आणि 2025-26 पासून ते मैदानात उतरू लागले. मिशिगन स्टेटकडे आलेला पोर्टर मार्टोन, पेन स्टेटकडे आलेला गॅव्हिन मकेना ही त्यांतली ठळक नावे. यापूर्वी तयार झालेले सर्व गुणक निराळ्या खेळाडूंच्या कॉलेज हॉकीवर बेतलेले आहेत. तेव्हा ज्या मुलाचे पहिले वर्ष 2024-25 आणि दुसरे 2025-26 असेल, त्याच्या दोन वर्षांच्या गुणांची वजाबाकी करत बसू नये. प्रत्येक हंगामात त्याच्याच वयाच्या, ड्राफ्ट झालेल्या कॉलेज खेळाडूंमध्ये वरच्या कप्प्यातील फटक्यांच्या बाबतीत तो कितवा होता एवढे काढावे आणि ते दोन क्रमांक शेजारी-शेजारी लिहावेत.