बारावी आणि पदवी प्रवेश : अकरावीपासून करायची तयारी

बारावीचा निकाल लागला की दाखले देणाऱ्या सेतू केंद्रांबाहेर आणि जात पडताळणी समित्यांच्या कार्यालयांत पालकांची जी गर्दी उसळते, तिच्यातील अनेकांची मुले उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली असतात. त्यांचे अडलेले असते ते एखाद्या दाखल्यावाचून किंवा आधार कार्डावरील नावाच्या एका अक्षरावाचून. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना माझे मत असे झाले आहे की अभ्यास विद्यार्थ्याने करावा, कागदपत्रे आणि तारखा घरातील मोठ्या माणसांनी सांभाळाव्यात, अशी सरळ वाटणी अकरावीच्या पहिल्या सत्रातच करून टाकली पाहिजे. सध्या अनेक घरांत नेमके उलटे घडते. आईवडील दोन वर्षे अभ्यासाच्या मागे लागलेले असतात आणि दाखल्यांच्या रांगेत मात्र परीक्षेच्या तोंडावर मुलालाच उभे करतात.

विषय निवडताना

अकरावीला विषय घेतानाच पुढील पदवीचा विचार करावा. विज्ञान शाखेत गणित सोडले की अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा आणि वास्तुकला हातच्या जातात, तर जीवशास्त्र सोडल्यास वैद्यकीय अभ्यासक्रमांचा रस्ता अवघड होतो. औषधनिर्माणशास्त्राला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या जोडीला या दोहोंपैकी एक विषय चालतो. ज्याचा कल अजून ठरलेला नाही त्याने दोन्ही विषय ठेवावेत. ओझे वाढते हे खरे, पण एक विषय पुढे बाजूला ठेवणे जितके सोपे, तितके सुटलेला विषय पुन्हा धरणे सोपे नसते.

वाणिज्य शाखेच्या पालकांत अशी एक समजूत पक्की बसलेली आहे की प्रवेश परीक्षा ही विज्ञान शाखेची भानगड आहे. प्रत्यक्षात बीबीए, बीसीए, बीएमएस या व्यवस्थापन व संगणक क्षेत्रातील अभ्यासक्रमांसाठी २०२४-२५ पासून राज्याची सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, सुरू झाली आहे, आणि पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी तर त्याआधीपासूनच आहे. या परीक्षांचे अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरून घेतले जातात, त्यामुळे निकाल हातात घेऊन चौकशीला येणाऱ्या विद्यार्थ्याला उशीर झालेला असतो. काही महाविद्यालयांनी आपल्या अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो सीईटीच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. तेव्हा पदवीवर नेमके कोणते नाव छापले जाणार, हे माहितीपुस्तिकेत वाचून मगच पैसे भरावेत.

उत्तीर्ण होण्याच्या अटी

राज्य मंडळाच्या बारावीला प्रत्येकी १०० गुणांचे सहा विषय असतात, त्यांपैकी इंग्रजी सर्वांना अनिवार्य असते आणि उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात किमान ३५ टक्के गुण लागतात. पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांचे मूल्यमापन महाविद्यालय स्वतः करते, म्हणून विद्यार्थी त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत; परंतु प्रकल्पवही न दिल्याने शेवटच्या आठवड्यात प्राध्यापकांच्या मागे फिरण्याची वेळ येते ती याच विषयांमुळे.

भाषा विषयांचे ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांचे ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे. हे ३० गुण वर्षभराच्या हजेरीवर आणि वेळच्या वेळी तपासून घेतलेल्या जर्नलवर, म्हणजे प्रयोगवहीवर, उभे असतात. लेखी परीक्षा अलीकडच्या वर्षांत फेब्रुवारीत होते आणि प्रात्यक्षिके जानेवारीच्या अखेरीस सुरू होतात, म्हणून जर्नल डिसेंबरमध्ये पूर्ण करून सहीशिक्क्यासह घरी आणलेले असावे. आजारपणामुळे प्रात्यक्षिक चुकलेच, तर मंडळाच्या वेळापत्रकात 'आउट ऑफ टर्न' परीक्षेसाठी वेगळे दिवस ठेवलेले असतात. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रासह महाविद्यालयाला ताबडतोब कळवावे.

हजेरीची अट ७५ टक्के आहे. 'इंटिग्रेटेड' या गोंडस नावाखाली मुलाचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि मूल दिवसभर क्लासमध्ये, अशी जी सोय अनेक पालक विकत घेतात, तिच्यात प्रयोगशाळा बहुधा गळतेच. शिवाय हजेरीची पडताळणी झाली तर जबाबदारी क्लासवाल्यावर येत नाही, ती विद्यार्थ्यावर येते. माझ्या मते हा व्यवहार महागाचा आहे.

एक छोटी गोष्ट मात्र पालकांनी स्वतः पाहावी. मंडळाचा परीक्षा अर्ज ऑनलाइन भरल्यानंतर महाविद्यालयात 'प्री-लिस्ट' येते आणि ती विद्यार्थ्याच्या सहीसाठी वर्गात फिरते. मुले मित्रांशी बोलता बोलता सही करून मोकळी होतात. त्या कागदावर स्वतःचे, वडिलांचे व आईचे नाव, जन्मतारीख, विषयांचे सांकेतांक, माध्यम आणि फोटो इतके सारे असते, आणि तिथे राहिलेली चूक पुढे हॉल तिकिटावर व गुणपत्रिकेवरही उतरू शकते. मुलाला त्या दिवशी दहावीची गुणपत्रिका सोबत देऊन अक्षर न् अक्षर ताडून पाहायला सांगावे.

सीईटी आणि बारावी यांचा मेळ

अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, तर भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न १ गुणाचे असतात. एकूण २०० गुणांपैकी निम्मे गणिताचे, हे लक्षात घेऊन अभ्यासाचा वेळ वाटावा. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या निवडक प्रकरणांवर येतात, म्हणून अकरावी हे दहावीनंतरच्या विश्रांतीचे वर्ष मानणे परवडत नाही. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत मात्र प्रत्येक चुकीला १ गुण जातो आणि तिथे ही सवय अंगाशी येते. दोन्ही परीक्षा देणाऱ्याने सराव परीक्षाही वेगवेगळ्या पद्धतीने सोडवाव्यात. सीईटीच्या नादात बारावीकडे पाठ फिरवू नये, कारण अभियांत्रिकीच्या पात्रतेसाठी बारावीच्या संबंधित विषयांत एकत्रित ४५ टक्के, आणि राज्यातील मागासवर्गीय विद्यार्थ्यांस ४० टक्के गुण लागतात. सीईटीत चांगला पर्सेंटाइल मिळूनही ही अट पूर्ण न झाल्यास गुणवत्ता यादीत नाव लागत नाही.

कागदपत्रांची फाइल

सर्वात आधी नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव प्रमाण मानावे आणि आधार, बँक खाते, जातीचा दाखला व शाळा सोडल्याचा दाखला यांवरील नावे त्याच्याशी जुळतात का ते अकरावीतच पाहावे. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांच्या नावापुढे 'राव' जोडलेला, असा प्रकार सर्रास आढळतो. संगणकीय पडताळणीला त्यातले साम्य कळत नाही.

राज्य कोट्यातील प्रवेशासाठी अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे लोक ज्याला डोमिसाइल म्हणतात ते, 'आपले सरकार' संकेतस्थळावरून किंवा महा ई-सेवा केंद्रातून काढता येते आणि त्याला मुदत नसते. ते दहावीच्या सुट्टीतच काढून ठेवावे. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या विद्यार्थ्याचा प्रवेश सरळ असतो. नोकरीनिमित्त परराज्यात राहिलेल्या कुटुंबांसाठी, केंद्र व राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आणि बेळगाव-कारवारकडील विवादित सीमाभागातील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी उमेदवारीचे वेगळे प्रकार ठरवलेले आहेत. त्यांनी माहितीपुस्तिकेतील आपला प्रकार आणि त्यासाठीचे विहित नमुने आधीच पाहून ठेवावेत, कारण त्या नमुन्यांवर कार्यालयप्रमुखाची किंवा संबंधित अधिकाऱ्याची सही मिळवण्यात वेळ जातो.

सर्वात जास्त वेळ खाते ती जात वैधता, म्हणजे व्हॅलिडिटी. जातीचा दाखला असणे आणि त्याची वैधता असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कित्येक घरांत बारावीच्या मे महिन्यात कळते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने अकरावीत प्रवेश घेतल्याबरोबर प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचे पत्र घेऊन ऑनलाइन अर्ज करावा आणि त्याची प्रत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे द्यावी. अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र समित्या आहेत. अर्जात खरा कस लागतो तो जुन्या पुराव्यांचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा, वडिलांकडील रक्तनात्यातील व्यक्तीच्या जातीची नोंद दाखवणारा कागद लागतो.

तो कागद कुठे सापडतो, हेही सांगितले पाहिजे. आजोबा किंवा चुलत आजोबा ज्या प्राथमिक शाळेत गेले, तिथल्या जुन्या दाखलखारीज रजिस्टरचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या व शाळा सोडल्याच्या नोंदवहीचा, निर्गम उतारा हा सर्वात सोपा पुरावा. ते शाळेतच गेले नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना नंबर १४, म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहाव्यात. जुन्या जमिनीच्या कागदांतही कधी नोंद निघते, आणि ती मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते. उताऱ्यात आजोबांचे नाव 'शिवा नामा' आणि वडिलांच्या दाखल्यावर 'शिवाजी नामदेव' असे असते; दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे वंशावळीच्या शपथपत्रात स्पष्ट लिहावे, नाहीतर समिती त्रुटी काढते आणि अर्ज मागे पडतो. वडील, आत्या, काका किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर तिची प्रत पहिल्यांदा जोडावी, तिने काम पुष्कळ हलके होते. पुरावे अपुरे वाटल्यास समिती दक्षता पथकाकडून गृहचौकशी करवते, आणि त्यात महिने जातात.

नॉन-क्रीमीलेअरचा, म्हणजे कुटुंब सधन गटात मोडत नसल्याचा, दाखला आईवडिलांच्या मागील तीन वर्षांच्या उत्पन्नावर मिळतो. तो ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावा लागतो. म्हणजे जून २०२७ मध्ये प्रवेश घेणाऱ्याचा दाखला ३१ मार्च २०२८ पर्यंतचा हवा. केवळ दाखला आहे म्हणून निश्चिंत न होता त्यावरील शेवटची तारीख वाचावी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्रासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांहून कमी लागते, आणि हे प्रमाणपत्रही चालू वर्षाचेच लागते. दाखल्यांऐवजी अर्ज केल्याची पावती जोडून प्रवेशप्रक्रियेत भाग घेण्याची सवलत शासनाने वेळोवेळी दिली आहे, पण ठरलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आले नाही तर विद्यार्थी खुल्या प्रवर्गात गणला जातो. त्या सवलतीच्या भरवशावर राहू नये.

पसंतीक्रम भरताना

केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, महाविद्यालयांचा क्रम आपल्या खऱ्या आवडीप्रमाणे लावावा. गेल्या वर्षीच्या कटऑफवरून आपल्याला मिळण्याजोगे महाविद्यालय सर्वांत वर टाकण्याची चूक फार महागात पडते. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही पर्याय मिळाला की ती जागा आपोआप कायम होत असे. अशा नियमात जे महाविद्यालय मिळाल्यावर समाधान वाटणार नाही ते वरच्या सहांत असता कामा नये. दरवर्षी नियमांत थोडाफार फरक पडतो, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका पालकांनी एकदा शांतपणे पूर्ण वाचावी. सायबर कॅफेवाल्याला पासवर्ड देऊन 'तुम्हीच भरा' असे सांगू नये.

निकाल मनासारखा न लागल्यास

गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी, ती विषय शिक्षकांना दाखवावी आणि त्यांना वाव दिसला तरच पुनर्मूल्यांकनाला अर्ज करावा. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही आणि मुदतही थोड्या दिवसांची असते. अनुत्तीर्ण विषयांची पुरवणी परीक्षा जून-जुलैच्या सुमारास होते, त्यामुळे वर्ष वाया गेलेच असे समजू नये. उत्तीर्ण होऊनही पात्रतेचे टक्के थोडक्यात हुकलेल्यांसाठी पुन्हा परीक्षा देऊन गुण वाढवण्याची श्रेणीसुधार योजना आहे.

शुल्क आणि शिष्यवृत्ती

सवलतीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे असतात आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होतात. विद्यार्थ्याचे खाते उघडून ही जोडणी बँकेत आधीच तपासावी. वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे, ही माहिती अजून पुष्कळ घरांत पोहोचलेली नाही. ही सवलत घ्यायची तर प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातील, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या, जागेला ती मिळत नाही. त्यामुळे पहिल्या फेरीत हवे ते मिळाले नाही म्हणून घाबरून व्यवस्थापन कोट्यात पैसे भरण्याआधी उरलेल्या फेऱ्यांची वाट पाहावी, आणि प्रवेश निश्चित झाल्यावर कॅपचे वाटपपत्र व शुल्काची पावती दोन्ही त्याच फाइलमध्ये ठेवावीत, कारण महाडीबीटीचा अर्ज भरताना ती लागतात.