तोरणा ९९९ मीटरवर आणला तेव्हा: एक्सएमएल शिकतानाचे घोळ

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली तेव्हा मी एका ऑफिसात डेटा एंट्री करत होते. शिक्षण बी.कॉम., कॉम्प्युटरशी ओळख एक्सेलपुरती. लूप, फंक्शन, डिक्शनरी इथवर गाडी बरी चालली. मग एक्सएमएल, म्हणजे माहितीला नावाच्या खुणा लावून ती फाइलमध्ये मांडायची पद्धत, आलं आणि अडली. ज्या त्या व्हिडिओत पुस्तकांच्या दुकानाची तीच ती फाइल: पुस्तक, लेखक, किंमत. ती मी तीनदा केली आणि तीनदा विसरले. त्या दुकानातल्या एखाद्या पुस्तकाची किंमत चुकली असती तरी मला कळलं नसतं, कारण बरोबर किंमत काय हे मला तरी कुठे माहीत होतं?

एक्सएमएल खरं डोक्यात शिरलं ते राजगड-तोरणा ट्रेकनंतर. गुंजवण्यातून चोर दरवाजाने पद्मावती माचीवर, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरून डोंगरधारेने तोरण्याची बुधला माची आणि शेवटी वेल्ह्यात. तिघांनी मोबाइलवर वाट रेकॉर्ड केली होती. एकाची बॅटरी मधेच गेली, दुसरा सुरुवातीला सुरू करायलाच विसरला होता. तिन्ही मिळून एक धड फाइल करायची होती, म्हणजे पुढच्या बॅचला वापरता येईल. ग्रुपमधला दादा म्हणाला, "तू कॉम्प्युटरचं शिकतेयस ना? मग कर की तू."

ट्रेकच्या वाटेची फाइल असते जीपीएक्स. नाव वेगळं, आत निव्वळ एक्सएमएल. फाइल नोटपॅडमध्ये उघडली आणि हजारो ओळी समोर आल्या. सेकंदाला एक बिंदू धरला तर नऊ तासांचे ३२,४०० बिंदू होतात. प्रत्येक बिंदूला अक्षांश, रेखांश, आत उंची आणि वेळ.

जीपीएक्समधले टॅग, म्हणजे कोनी कंसातली नावं, इंग्रजीत असतात. पण एक्सएमएलला टॅग देवनागरीत असले तरी चालतात, म्हणून रचना समजावी एवढ्यासाठी मराठीतच लिहिते:

<वाट नाव="राजगड ते तोरणा">
  <टप्पा अक्षांश="१८.२७६" रेखांश="७३.६२३">
    <उंची>१४०३</उंची>
    <टीप>टाक्यातलं पाणी <ठळक>उकळूनच</ठळक> प्या.</टीप>
  </टप्पा>
</वाट>

हे असंच्या असं फाइलमध्ये टाकून पायथनला द्या, तो बिनतक्रार वाचतो. उंचीचे देवनागरी आकडेसुद्धा फ्लोटमध्ये (अक्षरांची दशांश संख्या करणाऱ्या फंक्शनमध्ये) घातले की सरळ संख्या होतात. मला हे कळलं तेव्हा उगाचच आनंद झाला होता.

तर पहिला घोळ. तीन फाइली एक करायच्या म्हणजे एकीखाली एक चिकटवायच्या, असं मी धरून चालले. चिकटवल्या. पायथनने 'जंक आफ्टर डॉक्युमेंट एलिमेंट' असं सांगून ओळ क्रमांक दिला. एक्सएमएलमध्ये टॅगच्या पोटात टॅग असं झाड असतं आणि त्या झाडाला मूळ एकच असतं. पहिल्या फाइलचं मूळ बंद झालं की त्यापुढचं सगळं त्याच्या लेखी कचरा. हा ओळ क्रमांक मात्र मनापासून वाचत जा. नवखी माणसं एरर लाल दिसली की डोळे मिटतात, मीही मिटायचे. बऱ्याच वेळा उत्तर त्या ओळीवर किंवा तिच्या जराशा वर असतं.

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, कशाला हवंय झाड, ओळी वाचू आणि अवतरणचिन्हांवर तोडू. पहिल्या फाइलवर चाललंही. दुसऱ्या मोबाइलने रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहिला होता. एक्सएमएलमध्ये अॅट्रिब्यूटच्या (टॅगच्या कंसातच लिहिलेल्या अशा माहितीच्या) क्रमाला काही अर्थ नसतो, त्यामुळे त्याचं काही चुकलं नव्हतं. माझी वाट मात्र सह्याद्री सोडून थेट आर्क्टिक समुद्रात गेली. त्या दिवसापासून एक्सएमएल नुसता मजकूर समजून तोडायचं सोडलं. फाइल वाचून तिचं झाड करून देणारा पार्सर आहे, तो वापरायचा.

पायथनसोबत एक्सएमएल वाचायला-लिहायला एलिमेंटट्री येतं. ते फ्रेडरिक लुंड यांनी लिहिलं आणि २००६ साली पायथन २.५ मध्ये मूळ लायब्ररीत आलं. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. सुरुवात इथूनच करा. एलएक्सएमएल नावाची दुसरी लायब्ररी जास्त ताकदीची आहे, एखाद्या टॅगचा पालक कोण हेही ती सांगते, जे एलिमेंटट्रीला सांगता येत नाही. पण अडेल तेव्हा तिच्याकडे जा.

पार्स केलं. मग फाइंडऑलने सगळे बिंदू मागितले आणि हाती आली रिकामी यादी. ना एरर, ना काही. अख्खी संध्याकाळ गेली. फाइलमध्ये डोळ्यांसमोर टॅग दिसतोय आणि पायथन म्हणतो, नाही.

कारण नेमस्पेस. जीपीएक्सच्या १.१ आवृत्तीत मूळ टॅगवरच एक वेब-पत्ता लिहिलेला असतो. तो उघडून बघण्यासाठी नसतो, ते टॅगचं आडनाव असतं. मूळ टॅगवर लावलं की आतल्या साऱ्या टॅगना तेच लागतं. चाळीत नुसतं 'संतोष' म्हणून हाक मारली तर चौघे ओ देतील, इथे नुसत्या नावाने हाक मारली तर एकही ओ देत नाही. आडनाव महिरपी कंसात घालून त्यापुढे टॅगचं नाव असं पूर्ण लिहावं लागतं, किंवा एका डिक्शनरीत आडनावाला छोटं टोपणनाव देऊन ती फाइंडऑलला द्यायची. पायथन ३.८ पासून महिरपी कंसात नुसती चांदणी टाकून 'आडनाव कुठलंही चालेल' असंही म्हणता येतं, पण शिकताना तो आळस करू नका. रिकामी यादी आली की आता माझा हात आधी मूळ टॅग छापून बघण्याकडे जातो.

बिंदू मिळाले. काहींना उंची नव्हती, ते वगळायचे होते. 'उंचीचा टॅग सापडला तर' अशी साधी इफ लिहिली. सगळेच बिंदू वगळले गेले! ही खोड एलिमेंटट्रीची: ज्या टॅगच्या पोटात दुसरा टॅग नाही तो इफमध्ये खोटा ठरतो. उंचीच्या पोटात आकडा आहे, पोर नाही, म्हणजे खोटा. 'इज नॉट नन' असंच तपासायचं. पायथन ३.१२ पासून याबद्दल निदान इशारा तरी मिळतो.

आता ज्याच्यामुळे हे शीर्षक दिलं ते. तिन्ही वाटा जुळल्या, नकाशावर रेघ झकास उमटली. मी हौसेने खाली माहिती जोडली: सर्वोच्च बिंदू ९९९.८ मीटर. ग्रुपवर टाकली. दोन मिनिटांत दादाचा मेसेज: "अगं, तोरण्याला प्रचंडगड म्हणतात. तू त्याची टेकडी केलीस."

तोरणा १४०३ मीटर. पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच गिरिदुर्ग. फाइलमध्ये चौदाशेच्या आसपासचे आकडे शेकड्यांनी होते. पण टॅगच्या आतलं जे काही मिळतं ते अक्षरं म्हणून मिळतं, संख्या म्हणून नाही. अक्षरांत तुलना केली की पहिलंच अक्षर बघितलं जातं आणि ९ हा १ पेक्षा मोठा, म्हणून ९९९.८ जिंकला. फ्लोट करायचं राहिलं होतं, बस.

पुस्तकांच्या दुकानाच्या फाइलवर हीच चूक मी आधीही केली असणार. तिथे सर्वात महाग पुस्तक ९५ रुपयांचं आलं असतं आणि मी पुढे गेले असते. इथे त्या डोंगराने माझे गुडघे काढले होते, त्यामुळे चूक लपायला जागाच नव्हती. म्हणून शिकायला फाइल शोधत असाल तर जिचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे अशी शोधा. ट्रेक करत नसाल तर स्वतःने टाइप केलेली एखादी वर्ड फाइल घ्या. तिच्या नावाचा शेवट झिप असा बदला आणि उघडा, आत एक्सएमएलच्या फाइली निघतात.

वेळेचंही तसंच. आम्ही पहाटे साडेपाचला निघालो होतो, फाइल म्हणत होती शून्य वाजता. जीपीएक्समधली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, साडेपाच तास आपले आपण मिळवायचे. पुढे.

वाचण्यापेक्षा लिहिणं सोपं असेल असं वाटलं होतं. सबएलिमेंटने टॅगला टॅग जोडत जायचं, त्यात काय? मी पाण्याची टाकी, अळू दरवाजा, चुकायच्या दोन जागा अशा खुणा देवनागरी नावांनी फाइलच्या शेवटी जोडल्या आणि सेव्ह केलं. फाइल उघडली तर प्रत्येक टॅगच्या पुढे 'एनएस०' असं काहीतरी चिकटलेलं, आणि 'मराठी'तला 'म' जाऊन तिथे अँपरसँड, हॅश आणि २३५०. नियमाने दोन्ही बरोबरच होतं. कुठलाही नीट पार्सर ते वाचेल. पण एका मित्राच्या मोबाइलमधल्या अॅपने फाइल घेतलीच नाही, आणि माणसाने वाचावी अशी ती राहिली नव्हती. सेव्ह करण्याआधी रजिस्टर नेमस्पेसने त्या आडनावाला रिकामं टोपणनाव दिलं की एनएस० जातं. लिहिताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ सांगितलं की अक्षरं अक्षरंच राहतात, न सांगितल्यास एलिमेंटट्री साधं अॅस्की धरतं, ज्यात देवनागरी नाही. वाचताना उलट काळजी: फाइल स्वतः उघडून मजकूर पार्सरला देऊ नका, फाइलचं नावच द्या. एन्कोडिंग काय ते तो पहिल्या ओळीवरून स्वतः ठरवतो. विंडोजवर आपण मधे पडलो की देवनागरीची माती होते.

तरीही ते अॅप खुणा दाखवेना. तेव्हा कळलं की फाइल सुघटित असणं वेगळं आणि वैध असणं वेगळं. टॅग उघडले तसे बंद झाले, मूळ एकच आहे, एवढ्याने फाइल सुघटित होते. वैध व्हायला त्या प्रकाराचा आराखडा पाळावा लागतो, आणि जीपीएक्सच्या आराखड्यात क्रम ठरलेला आहे: खुणा आधी, वाट नंतर. खुणेच्या आतही उंची आधी, नाव नंतर. मी सगळं उलटं केलं होतं. काही अॅप चालवून घेतात, काही नाही. तेव्हापासून दुसऱ्याला द्यायची फाइल असेल तर आधी आराखडा वाचते.

याच फाइलच्या जोरावर पुढे मला नोकरी मिळाली, असं म्हटलं तर फार खोटं होणार नाही. पुस्तकांची ई-बुकं करून देणारी एक छोटी कंपनी होती. ई-बुक म्हणजे ईपब, आणि ईपब म्हणजे झिपमध्ये बांधलेलं एक्सएचटीएमएल, म्हणजे एक्सएमएलच्या नियमाने लिहिलेली वेबपानं. मुलाखतीत डॉम (अख्खं झाड मेमरीत धरणं) आणि सॅक्स (फाइल ओघाने वाचत जाणं) यांतला फरक विचारला. पाठ केलेलं उत्तर विसरले आणि सांगितलं की माझी फाइल चार-पाच एमबीची होती, म्हणून अख्खं झाड मेमरीत उभं केलं. तीच दोन जीबीची असती तर इटरपार्सने एकेक बिंदू घेऊन, काम झालं की क्लिअर करत पुढे गेले असते. "क्लिअर केल्यावरही मेमरी वाढत राहिली तर?" असा पुढचा प्रश्न आला. रिकामे झालेले टॅग मूळ टॅगला लटकलेलेच राहतात, म्हणून मूळही अधूनमधून रिकामं करावं लागतं. हे मला तेव्हा आलं नाही. तुम्हाला यावं म्हणून लिहिलं.

नोकरीत सर्वात महाग पडला तो टेल. वरच्या नमुन्यातली टीप परत बघा. 'टाक्यातलं पाणी' हा टीपेचा टेक्स्ट. 'उकळूनच' हा ठळकचा टेक्स्ट. मग 'प्या.' कुणाचं? वाटतं टीपेचं, पण एलिमेंटट्रीच्या हिशेबी ते ठळकचं शेपूट आहे, त्याला टेल म्हणतात. आता रिमूव्ह वापरून ठळक काढून टाका: शेपूटही जातं, उरतं फक्त 'टाक्यातलं पाणी'. मी एका पुस्तकातले तळटीपांचे आकडे असेच काढले. प्रत्येक आकड्यानंतरचा वाक्याचा तुकडा त्याच्यासोबत गेला. मुद्रितशोधक बाईंनी बावीस पानांवर लाल खुणा करून प्रिंट माझ्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता चहाला गेल्या. टॅग काढण्याआधी त्याचं शेपूट मागच्या भावंडाच्या शेपटाला जोडायचं, भावंड नसेल तर पालकाच्या टेक्स्टला. आणि लूप चालू असताना त्याच यादीतून काढायचं नाही, एकाआड एक सुटतात. आधी यादीची प्रत करून तिच्यावर फिरायचं. नुसता मजकूर हवा असेल तर इटरटेक्स्ट शेपटांसकट सगळं ओळीने देतं.

अनोळखी माणसाकडून आलेली फाइल उघडताना मात्र जपून. एक्सएमएलमध्ये संक्षेप ठरवता येतात आणि संक्षेपात संक्षेप घालता येतात. दर पायरीला दहापट करत गेलं तर काही ओळींच्या फाइलचा पसारा अब्ज शब्दांवर जातो आणि मशीन आडवं होतं. याला 'बिलियन लाफ्स' म्हणतात. पायथन आतून जो एक्सपॅट पार्सर वापरतो त्याच्या नव्या आवृत्त्यांमध्ये यावर बंदोबस्त आहे, शिवाय डिफ्यूज्डएक्सएमएल नावाची लायब्ररी मिळते. बाहेरच्या फाइलींना आम्ही तीच लावतो.

राजगड-तोरण्याची ती फाइल अजून ग्रुपवर फिरते. गेल्या पावसाळ्यानंतर दादाने तिच्यात हाताने एक खूण वाढवली, नाव दिलं 'घसरण & काटे'. फाइल उघडेना म्हणून रात्री साडेअकराला मला फोन. अँपरसँड तसाच्या तसा लिहायचा नसतो, कोडमधून जोडला असता तर लायब्ररीने तो आपोआप सांभाळला असता, हे मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मग 'आणि' लिहितो."