अंत्यविधीचा घरगुती व्यवसाय कसा वाढवावा : खानदेशातील कुटुंबांसाठी

खानदेशातील तालुक्याच्या गावी अंत्यविधीच्या साहित्याचे दुकान बहुधा एकाच घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. बांबू, सुतळी, मडके, पांढरे कापड, गोवऱ्या, अबीर-गुलाल एवढाच माल असतो आणि रात्री दोन वाजता दार वाजले तरी ते उघडावे लागते. मुलगा किंवा मुलगी हाताशी आली की विस्ताराचा विचार सुरू होतो आणि बहुतेकजण दुकानातील माल वाढवण्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते ही सुरुवातच चुकीची आहे. दुःखात असलेल्या घराच्या डोक्यावरची कामे एकेक करून विश्वासाने आपल्याकडे घेता आली, तरच हा व्यवसाय वाढतो.

पहिले काम शीतपेटीचे घ्यावे. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतील असंख्य घरांतली मुले सुरत, पुणे, मुंबई येथे नोकरी-धंद्याला आहेत. ती पोहोचेपर्यंत देह घरी ठेवावा लागतो आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या आसपास असताना बर्फाच्या लाद्यांवर भागत नाही. पेटी शक्यतो सरळ स्थितीतच वाहून न्यावी. वाटेत ती कलली असल्यास कॉम्प्रेसरमधील तेल जागेवर येईपर्यंत थांबून मगच चालू करावी. देह ठेवण्यापूर्वी ती काही वेळ रिकामी चालवून थंड करून घ्यावी. ती पत्र्याच्या मांडवात किंवा भिंतीला चिकटून ठेवू नये, कारण आतली उष्णता बाहेर फेकायला तिला मोकळी हवा लागते. वीज गेल्यास उपयोगी पडावा म्हणून जनरेटर घेताना पेटी चालत असतानाचा भार पाहून भागत नाही. कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी कित्येक पट जास्त विद्युतप्रवाह ओढतो, त्यामुळे अपुऱ्या क्षमतेचा जनरेटर नेमका त्याच वेळी बंद पडतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अर्थिंग तपासल्याशिवाय पेटी कोणाच्याही घरात चालू करू नये, कारण ओल्या फरशीवर बसलेल्या बायाबापड्या रात्रभर त्या पेटीला हात लावून असतात.

पेटीमागोमाग वाहनाची मागणी येतेच. गावातल्या गावात खांद्यावरून तिरडी जाते, त्यामुळे तेथे स्वर्गरथाची गरज कमी भासते. खरी गरज लांबच्या प्रवासाची असते. सुरतेत वारलेल्या माणसाला नवापूर, विसरवाडी, साक्री या मार्गाने मूळ गावी आणणे हे खानदेशातील नेहमीचे काम आहे आणि ते घेण्यापूर्वी वाहनाची नोंदणी, विमा आणि परराज्यात जाण्याची कागदपत्रे पूर्ण असली पाहिजेत. रुग्णालयाचे मृत्यूविषयक कागद हाती आल्याशिवाय गाडी हलवू नये. अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल, तर पंचनामा आणि शवविच्छेदन होऊन पोलिसांनी देह नातेवाइकांच्या ताब्यात देईपर्यंत थांबणे बंधनकारक आहे, मग घरचे कितीही घाई करोत.

येथेच कागदपत्रांच्या मदतीची सोय जोडता येते. भांडवल लागत नाही आणि लोक ती वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. मृत्यूची नोंद 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार 21 दिवसांच्या आत करावयाची असते आणि ती जेथे मृत्यू झाला त्याच ठिकाणी होते. सुरतेत वारलेल्या माणसाची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत होत नाही, हे अनेकांना दशक्रियेनंतर कळते आणि मग फेऱ्या सुरू होतात. मृत्यू रुग्णालयात झाला असेल, तर नोंदीसाठी माहिती देण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते. घरी झाला असेल, तर कुटुंबप्रमुखाची असते आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. विमा, बँक आणि वारस नोंद यांसाठी दाखल्याच्या अनेक प्रती लागतात, म्हणून त्या एकदमच मागून घ्याव्यात असे घरच्यांना आधीच सांगावे.

लाकडाचा व्यवहार मात्र सावधपणे वाढवावा. पारंपरिक चितेला साधारणतः 3 ते 5 क्विंटल लाकूड लागते आणि पावसाळ्यात ओल्या लाकडामुळे हा खर्च वाढून शिवाय धुराने लोक हैराण होतात. त्यामुळे मृगापूर्वीच चार महिन्यांचा साठा जमिनीपासून उंच ओट्यावर, छपराखाली रचून ठेवावा. लाकूड पावतीसहच घ्यावे, कारण झाडतोडीवर 1964 च्या महाराष्ट्र कायद्याचे नियंत्रण आहे आणि बिनपावतीचा ट्रॅक्टर पकडला गेला तर नाव आपले जाते. आपल्याकडे कपाशीच्या पऱ्हाटीचा तोटा नाही. शेतकचरा दाबून केलेल्या विटा, ज्यांना मोक्षकाष्ठ म्हणतात, त्या नागपूरकडे दहनासाठी वापरल्या जातात. खानदेशातही हा जोडधंदा शोभेल, फक्त प्रथम लाकडासोबत थोड्या प्रमाणात वापरून गावातील ज्येष्ठांचे मत घ्यावे.

स्मशानभूमीची मालकी घेण्याचा विचार मनात आणू नये. ती ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची असते, कब्रस्ताने समाजाच्या विश्वस्तांकडे असतात; कुटुंबाला मिळू शकते ते देखभालीचे काम आणि तेही निविदेतून. म्हणून दुकानाचे स्वतंत्र बँक खाते, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आणि नियमित हिशेब हे आधीपासूनच असावेत. अंत्यविधीच्या सेवा, देहाच्या वाहतुकीसह, वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहेत. साहित्याच्या विक्रीला मात्र हा नियम लागू होत नाही, म्हणून सेवा आणि माल यांची बिले वेगवेगळी करावीत. लिंगायत, गोसावी, नाथपंथी अशा समाजांत दफन होते. त्यांच्या विधीचे साहित्य वेगळे असते आणि ते त्यांच्याच जाणत्यांकडून समजून घ्यावे, अंदाजाने देऊ नये.

दराबाबत माझे मत कठोर आहे. दरफलक दुकानात ठळकपणे लावावा, रात्रीचा आणि दिवसाचा दर एकच ठेवावा आणि रुग्णालयातील कोणालाही दलाली देऊ नये. दलालीचे पैसे अखेर मृताच्या घरूनच वसूल होतात आणि तालुक्याच्या गावात ही गोष्ट लपत नाही.

घरातील कामाची वाटणी लेखी असावी : रात्रीचा फोन कोणी घ्यायचा, गाडी कोणी न्यायची, हिशेब कोणाकडे. देह हाताळणाऱ्या प्रत्येकाला, घरच्यांसह, हातमोजे द्यावेत आणि कावीळ-बी प्रतिबंधक लसीचे तीनही डोस घ्यायला लावावेत.

कुंभाराशी असलेले नाते बाराही महिने जपावे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षभरात वारलेल्या माणसाच्या नावाने घागर भरली जाते आणि आपण ज्यांच्या घरी गेलो होतो, ती घरे त्या आठवड्यात घागर शोधत असतात. फाल्गुनातच मागणी नोंदवून ठेवावी आणि त्या घरांना घागर पोहोचती करावी. पैसे मागावेत की नाही, हे दुकान चालवणाऱ्या ज्या त्या कुटुंबाने ठरवावे.