कॉलेजांची यादी भरताना या चुका टाळा: पर्सेंटाइल आणि पैसा एकाच वहीत मांडा

जून-जुलैत आमच्या परभणीकडच्या घरांत दोन हिशेब एकाच वेळी चालू असतात. बाप ओसरीवर बसून बियाणं, खत आणि मागच्या वर्षीची उसनवारी मोजत असतो. आतल्या खोलीत लेकरू मोबाईलवर कटऑफ बघत असतं. हे दोन हिशेब एकत्र येतात ते थेट कॉलेजच्या फीच्या खिडकीसमोर, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. मी बारावीच्या वर्गांना शिकवतो. दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत मुलांसोबत बसून ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीचा अर्ज, भरून घेतो. फसलेल्या याद्या मी बऱ्याच पाहिल्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचं मूळ हेच होतं: गुण एकानं मोजले, पैसे दुसऱ्यानं.

इथे मुख्यतः एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवरून होणाऱ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाबद्दल लिहितोय, कारण गोंधळ तिथेच सगळ्यांत जास्त होतो.

पर्सेंटाइलला टक्के समजणं

ही चूक शिकल्यासवरल्या घरांतही होते. "नव्वद पडले, आता पुणं पक्कं," असं म्हणत पेढे वाटून झालेले असतात. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली नव्वद मुलं तुमच्या मागे. आता हे उलटं करून बघा. समजा तुमच्या विषयगटात चार लाख मुलं परीक्षेला बसली, तर तुमच्या पुढे साधारण चाळीस हजार मुलं आहेत. त्यामुळे यादी करताना पर्सेंटाइलपेक्षा राज्य गुणवत्ता क्रमांक हाताशी ठेवा. कटऑफच्या तक्त्यात पर्सेंटाइलसोबत हा क्रमांकही छापलेला असतो. जेईईचं पर्सेंटाइल वेगळं असतं, त्याची सीईटीच्या कटऑफशी तुलना करू नका.

कटऑफची चुकीची ओळ वाचणं

कटऑफच्या तक्त्यात 'जी-ओपन-एच', 'जी-ओपन-ओ', 'एल-ओपन-एस' असे संकेत असतात. नेट कॅफेत घाई असते, तिथे कुणी ते समजावून सांगत नाही. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर सगळ्यांत महत्त्वाचं: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे होम युनिव्हर्सिटीबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. बऱ्याच कॉलेजांत ७० टक्के जागा होम युनिव्हर्सिटीच्या मुलांसाठी असतात. काही स्वायत्त संस्थांत मात्र राज्यस्तरावरचीच ओळ दिसते.

मराठवाड्यात होम युनिव्हर्सिटी म्हणून दोन विद्यापीठं धरतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे, तर नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे. तुमची होम युनिव्हर्सिटी गावावरून ठरत नाही, बारावी कुठून केली त्यावरून ठरते. बीड जिल्ह्यातली कितीतरी मुलं अकरावी-बारावीला लातूरला जातात. त्यांची होम युनिव्हर्सिटी नांदेडची होते, आणि संभाजीनगरच्या कॉलेजसाठी ती 'बाहेरची' ठरतात. मागे अंबाजोगाईकडच्या एका मुलानं संभाजीनगरच्या कॉलेजांची अख्खी यादी एचची ओळ बघून केली होती. त्याला लागू होती ओची. पहिल्या फेरीत काहीच लागलं नाही, तेव्हा कुठे ते लक्षात आलं. कटऑफमध्ये प्रत्येक कॉलेजच्या नावाखाली त्याचा दर्जा आणि होम युनिव्हर्सिटी छापलेली असते. आधी ती ओळ वाचा, मग आकडे बघा.

याला वैद्यकीयच्या ७०:३० मध्ये (७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना) मिसळू नका. ती प्रादेशिक अट २०२० साली रद्द झाली. अजूनही चावडीवर त्याच अटीच्या भरवशावर सल्ले दिले जातात.

मुलींनी एल आणि जी दोन्ही ओळी बघाव्यात, दोन्हीकडे त्यांचा हक्क आहे. आणि कटऑफ नेहमी पहिल्या फेरीचा धरा. शेवटच्या फेरीत कधी कधी आकडा बराच खाली येतो, पण तो रिकाम्या राहिलेल्या एक-दोन जागांचा असतो. त्यावर यादी उभी करता येत नाही.

क्रम लावताना 'मिळेल ते आधी' करणं

फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. वरून खाली बघत जिथे तुमच्या क्रमांकाला जागा उरली असेल ती तुम्हाला मिळते. म्हणून अवघड कॉलेज वर लिहिल्यानं खालच्या कॉलेजवरचा हक्क जात नाही. तरीही घाबरून पुष्कळ मुलं "नक्की लागेल" असं कॉलेज एक नंबरला टाकतात. मग ते लागतंच, आणि वाट तिथेच बंद होते. २०२५ च्या प्रवेशापासून चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तिनांपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला की जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. पहिले सहा पर्याय म्हणजे जवळजवळ सही केल्यासारखं आहे. ते घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून मगच लिहा. फेऱ्यांचे नियम बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

'बेटरमेंट' घेणाऱ्यांनीही, म्हणजे मिळालेली जागा धरून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायाची वाट बघणाऱ्यांनीही, एक ध्यानात ठेवावं: वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा जाते, परत मागता येत नाही. म्हणून नको असलेलं कॉलेज नुसतं यादी लांब दिसावी म्हणून वर घालू नका.

पैशाचा हिशेब फक्त फीचा करणं

सगळ्यांत जास्त वेळ मी इथे घालवतो. वहीत प्रत्येक पर्यायापुढे चार रकाने आखायला सांगतो: शिकवणी शुल्क, विकास शुल्क, राहणं-जेवण, आणि शिष्यवृत्तीतून वजा होणारी रक्कम. खाली चार वर्षांची बेरीज.

समजा पुण्यातल्या एका खाजगी कॉलेजची फी १,२०,००० आहे. त्यात शिकवणी शुल्क १,०५,००० आणि विकास शुल्क १५,०००. मुलगा खुल्या प्रवर्गातला, उत्पन्न आठ लाखांच्या आत. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत शिकवणी शुल्काचा निम्मा भाग सुटतो, म्हणजे ५२,५००. भरायचे राहिले ६७,५००. खोली आणि मेस मिळून महिना ९,००० धरले तर दहा महिन्यांचे ९०,०००. वर्षाला १,५७,५००, चार वर्षांना ६,३०,०००. आता तसाच हिशेब नांदेडचा करा. फी ९०,०००, त्यातलं शिकवणी शुल्क ८०,०००, निम्मं सुटलं तर भरायचे ५०,०००. खोली-मेस ५,५०० प्रमाणे ५५,०००. वर्षाला १,०५,०००, चार वर्षांना ४,२०,०००. फरक दोन लाख दहा हजारांचा. हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, तुम्ही खरे आकडे घाला. पुणं नकोच, असं मी म्हणत नाही. त्या दोन लाखांच्या बदल्यात शाखा, शिकवणं आणि नोकरीच्या संधी खरंच तेवढ्या वरच्या आहेत का, हे त्या ओळीकडे बघून ठरवता येतं. वडगाव-हडपसरला भावकीतलं कुणी राहतं म्हणून खोलीचा खर्च शून्य धरू नका. चार वर्षं कुणाच्या घरी राहणं होत नाही.

घराजवळच्या चांगल्या संस्था मुलांच्या यादीत खाली का असतात, हे मला अजून कळलेलं नाही. संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासूनचं, नांदेडच्या विष्णुपुरीतलं श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी १९८१ पासूनचं. जालन्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र आहे. ही नावं पुण्याच्या मधल्या फळीतल्या महागड्या कॉलेजच्या खाली लिहिण्याआधी वही उघडा.

सवलतीत दोन गोष्टी हमखास निसटतात. पहिली, टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिकवणी शुल्क माफीची योजना. या जागेवर शिकवणी शुल्क पूर्ण माफ असतं, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. पण तिचा पर्याय संकेतांक वेगळा असतो, शेवटी टी लागतो. तो वेगळा भरला नाही तर ती जागा तुमच्यासाठी नसतेच. तिचा कटऑफ सहसा चढा असतो, आणि पुढे शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. दुसरी, ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ओबीसी मुलांना निम्मं शिकवणी शुल्क सुटतं, व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) आणि एसबीसीला (विशेष मागास) पूर्ण. पण या सवलती केंद्रीभूत प्रवेश फेरीतून प्रवेश घेतला तरच. "मॅनेजमेंटमधून बसवून देतो" म्हणणारा माणूस ही गोष्ट सांगत नाही. त्याच्या वाटेनं गेलात की चार वर्षांची सवलत गेली.

आणि वेळेचं काय? फी भरायची येते जुलै-ऑगस्टात. तेव्हा पैसा रानात गेलेला असतो. सोयाबीन मोंढ्यावर जायला दसरा उजाडतो, कापूस त्याच्याही पुढे. शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून त्याहून उशिरा येते. पहिल्या दिवशी हातात किती रोख लागेल, हा आकडा वहीत वेगळा लिहा. कॉलेजला फोन करून विचारा: शिष्यवृत्तीची रक्कम वजा करून फी घेता, की आधी सगळी भरायला लावता? हप्ते देता का? वसतिगृह पहिल्या वर्षाला मिळतं का? तालुक्याच्या सावकाराकडे ऑगस्टात जाण्यापेक्षा जूनमध्ये हे चार प्रश्न विचारलेले बरे.

कागदांच्या भरवशावर प्रवर्ग ठरवणं

जातीचा दाखला आहे, जात वैधता प्रमाणपत्र नाही, आणि यादी मात्र प्रवर्गाच्या कटऑफवर केलेली. कुणबी नोंद सापडून नवीन दाखला मिळालेल्या घरांत हे सध्या फार दिसतं. वैधतेच्या अर्जाची पावती चालते, पण मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर उमेदवार खुल्यात धरला जातो. म्हणून अशा मुलांच्या वहीत मी प्रत्येक ओळीत दोन कटऑफ लिहायला लावतो, प्रवर्गाचा आणि खुल्याचा. नॉन-क्रिमिलेअर दाखला त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपतो, मुदत संपलेला चालत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी निकालाची वाट बघू नका, तेव्हा सेतू केंद्रावर रांग असते.

गडबड झालीच असेल तर

पहिल्या फेरीत काही लागलं नाही: पुढच्या फेरीआधी फॉर्म बदलता येतो. आहे तीच यादी परत पाठवू नका. तुमच्या क्रमांकाच्या थोडं वर आणि बऱ्याच खाली असे पर्याय वाढवा, शाखेवरचा हट्ट एखाद्या पायरीनं सोडा.

फॉर्म भरला पण कन्फर्म करायचा राहिला: मुदत असेपर्यंत स्वतःच्या लॉगिनमधून करा आणि प्रत जपा. पासवर्ड नेट कॅफेवाल्याकडे ठेवू नका.

जागा लागली, पैसे कमी पडले: शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज होतो. आमच्याकडे अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. बापाचं पीककर्ज थकलेलं असतं, सिबिल (कर्जफेडीची पत) खराब असतं, आणि बँक सहअर्जदार म्हणून त्याला नाकारते. हे जागा लागल्यावर कळलं तर मुदत निघून जाते. मागच्या वर्षी एका घरात आम्ही जूनमध्येच हे तपासलं. बापाचं खातं थकीत निघालं, मग अंगणवाडीत काम करणाऱ्या आईला सहअर्जदार केलं. जागेचं पत्र हातात आलं त्या दिवशी बाकी सगळे कागद बँकेत पोचलेले होते.