लेन्सवरचं दव आणि काळे इग्वाना

गॅलापागोस बेटांच्या सफरीत पहिल्याच सकाळी बोटीच्या एसी केबिनमधून कॅमेरा थेट डेकवर आणला आणि लेन्स पांढरीफटक! पुसली की पुन्हा दव. किनाऱ्यावर निळ्या पायांचा बूबी पक्षी नाचत होता, मी रुमाल शोधत होतो. त्या रात्री कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद केला आणि उतरायच्या अर्धा तास आधी पिशवीच बाहेर ठेवली. दव पिशवीवर धरलं, काच कोरडी.

तिथल्याच फर्नांडिना बेटावर वेगळंच दुखणं. काळ्या लाव्ह्यावर काळे सागरी इग्वाना, म्हणजे समुद्रात पोहणारे मोठे सरडे, आणि कॅमेरा सगळंच राखाडी करून टाकी. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) उणे 1 वर नेलं, तेव्हा कुठे खवल्यांचा पोत आणि शिंकून उडवलेल्या मिठाचा डोक्यावरचा पांढरा थर दिसला. फ्लॅशला तिथे बंदी, अंतर किमान 2 मीटर. प्राणी इतके निर्धास्त, की मोठी टेलिलेन्स मी उगाचच वाहिली.